तोफेचं माप

कोकिळेच्या तोंडाला लगाम नाही, असं तिची आई तिच्या पाचव्या वर्षापासून सांगत आली होती. त्याचा धडधडीत पुरावा मिळाला तो डिसेंबरातल्या एका सोमवारी, उमरखेडहून यवतमाळला निघालेल्या एसटीत. त्या वेळी गाडीत पन्नास-पंचावन्न साक्षीदार हजर होते.

झालं ते असं. कोकिळा खिडकीशी बसली होती आणि शेजारी एक तरुण येऊन बसला. सावळा, उंच, शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, अंगाला वार्निशचा बारीकसा वास. त्याच्या पायांशी एक गाठोडं होतं, जुन्या लाल-निळ्या कशिद्याच्या फडक्यात बांधलेलं. त्यानं एकदा तिच्याकडे पाहिलं, तेव्हा ती बाहेर पाहत होती. मग तिनं पाहिलं, तेव्हा तो समोर पाहत होता. एवढ्यावर पुसद आलं असतं तर ही गोष्ट झालीच नसती. पण गतिरोधकावर गाडी उडाली, गाठोडं आडवं झालं, फडकं सरकलं आणि पितळेचं एक जाडजूड बूड कोकिळेच्या चपलेला येऊन टेकलं. त्या बुडावर गोलाकार आकडे आणि अक्षरं ठोकलेली होती.

दोन वर्षं ती ज्याच्यासाठी गावोगाव हिंडत होती, ते असं आपल्या पायाने चालत तिच्या पायाशी आलं होतं. मग तोंड कसलं थांबतंय!

"अहो!" ती ओरडली. "तुमच्या पायात तोफगोळा आहे!"

पुढची दोन मिनिटं सांगण्यासारखी आहेत, पण सांगायला लाज वाटते. एक काका कोंबड्यांच्या टोपलीसकट सीटवर चढले. मागून कुणीतरी "बॉम्ब! बॉम्ब!" म्हणून ठणाणा केला. ड्रायव्हरनं करकचून ब्रेक दाबला. "रिकामा आहे, नुसतं पितळ आहे," हे कोकिळा घसा फोडून सांगत होती, पण रिकामा तोफगोळा आणि भरलेला तोफगोळा यांतला फरक ऐकून घ्यायला कुणाला सवड नव्हती. कंडक्टर बिचारा दोघांकडे आळीपाळीनं पाहत राहिला.

"थांबा," कोकिळा उठत म्हणाली. "घोळ मी घातला, निस्तरते मीच. आम्ही दोघं उतरतो. तुम्ही जा."

"आम्ही दोघं?" तो तरुण पहिल्यांदाच बोलला.

"मग मी एकटी उतरून काय करू? तोफ तुमच्याकडे आहे."

गाडी धुरळा उडवत गेली आणि ते दोघं एका फाट्यावर उभे राहिले. एका बाजूला चहाची टपरी, दुसऱ्या बाजूला फुलोऱ्यावर आलेली तूर. कोवळं ऊन पडलं होतं. त्यानं गाठोडं उचलून बाकावर ठेवलं, दोन चहा सांगितले आणि शांतपणे विचारलं, "मॅडम, एक सांगा. तुम्ही सगळ्याच माणसाइले असं पहिल्या भेटीत गाडीतून उतरवता का?"

"ज्यांच्या पायात तोफा असतात त्यांनाच."

तो हसला. हसताना त्याचा एक गाल थोडा आत जायचा. कोकिळेनं ते पाहिलं आणि लगेच चहात पाहिलं.

त्याचं नाव शाम राठोड. उमरखेडहून बारा किलोमीटरवरच्या बंजाऱ्यांच्या तांड्यावर घर, आणि उमरखेडात शेतीच्या मोटारी रिवायंडिंग करायचं दुकान. मोटारीच्या तारेवर वार्निश चढवावं लागतं, तेव्हा त्या वासाचा उलगडा झाला. कोकिळा यवतमाळच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर इतिहास शिकवत होती, आणि उरलेल्या वेळात लढाईवरून परतलेल्या सैनिकांनी घरी आणलेल्या वस्तूंचा माग काढत होती.

"लढाईत रिकामा वेळ फार असतो," ती सांगू लागली, आणि सांगू लागली की तिचे हात थांबत नसत. "खंदकात दिवसचे दिवस नुसतं बसून राहायचं. मग हाताला लागेल त्यातून काहीतरी करायचं. काडतुसाची सुरी, विमानाच्या पत्र्याची अंगठी, नाण्याचा चमचा. आणि हे... तोफेचा गोळा उडाला की मागे हे पितळी नळकांडं उरायचं. त्याच्यावर खिळ्यानं, छिन्नीनं नक्षी कोरायची आणि घरी आणायचं. पाहू?"

तिनं फडकं सोडलं, घडी करून आपल्या पिशवीत कोंबलं आणि नळकांडं दोन्ही हातांत घेतलं. फूटभर उंच. एका बाजूला पाठीवर गोण्या लादलेला बैल, वर चंद्राची कोर, आणि तोंडाजवळ सभोवार त्रिकोणांची किनार.

"हे आमच्या घरचं माप हाय," शाम म्हणाला. "माह्या पणजोबानं केलं. धरमसिंग. पहिल्या महायुद्धात खेचरांच्या पलटणीत गेलता, तिकडे इराकात, बसऱ्याकडे. आमचा जुना धंदाच लदेणीचा, बैलावर माल लादून देशोदेशी न्यायचा. म्हनून साहेबानं उचलून नेलं म्हनते. तिथून त्यानं हे बायकोसाठी करून आनलं. तवापासून घरात नवी नवरी आली का याच्यात ज्वारी भरून उंबऱ्यावर ठेवते, अन् ती पायानं लवंडते."

"पायानं?" कोकिळेनं नळकांडं छातीशी धरलं. "याला लाथ मारता तुम्ही?"

"लाथ नाही हो, पाय लावते. हे पाहा तीन पोचे. हा आजीचा, हा काकूचा, अन् हा सगळ्यात मोठा माह्या याडीचा." याडी म्हणजे आई, ते सांगताना त्याला हसू आवरेना. "भावाचं लग्न हाय महिन्यानं. म्हनून पोचे काढाले अन् चिंच-राखेनं घासून आनाले चाल्लो यवतमाळले."

"खबरदार पोचे काढाल तर!" कोकिळा म्हणाली. "आणि घासायचं तर नावही काढायचं नाही. शंभर वर्षं घासून घासून निम्मी नक्षी झिजवलीत. मला तीन आठवडे द्या. हे कुठलं, कधीचं, कुणी केलं, सगळं शोधून देते."

"म्हंजे तुम्ही सिद्ध करान? का धरमसिंगनंच केलं?"

त्याचा आवाज बदलला होता. कोकिळेनं वर पाहिलं.

"तांड्यावर काही लोक म्हनते, का त्यानं मुंबईच्या बंदरावर इकत घेतलं अन् घरी येऊन थापा मारल्या," तो म्हणाला. "फकिरा काका तं दर लग्नात म्हनते. याडी काही बोलत नाही, पन तिले लागते. तिनं आपल्या आजेसासूले पाह्यलं हाय. सुखीबाई. धरमसिंगची बायको. तिच्या डोळ्यासमोर याडीनं हे माप ओलांडलं."

"मग सिद्ध करूच," कोकिळा म्हणाली. तिला असं बोलायची सवयच होती.

त्या तीन आठवड्यांत शाम राठोडला यवतमाळात किती कामं निघाली म्हणून सांगू! आधी तांब्याची तार संपली. मग वार्निश संपलं. मग तार पुन्हा संपली. "उमरखेडात तार मिळत नाही का?" कोकिळेनं विचारलं, तर म्हणाला, "मिळते. पन तिथं सांबारवडी चांगली नाही भेटत." आणि दोघं कॉलेजसमोरच्या गाड्यावर उभं राहून कोथिंबिरीनं भरलेली गरम सांबारवडी खात, बोटं पोळवत, एकमेकांच्या कागदातली चटणी संपवत.

नळकांड्याच्या बुडावर सन १९१६ निघाला, आणि तोफेच्या जातीचा शिक्का. धरमसिंगचं नाव मात्र कुठल्याच यादीत मिळेना. "मेलेल्यांची नावं नीट लिहून ठेवलीत," ती चिडून म्हणाली. "जे जिवंत घरी आले त्यांना कुणी विचारत नाही."

एका दुपारी शाम येताना पितळेचा एक पत्रा, राळ आणि दोन खिळे घेऊन आला. इतिहास विभागाच्या व्हरांड्यात त्यानं राळ वितळवली, तिचा थर देऊन वर पत्रा बसवला. "पोकळ पितळ ठोकलं का दबते," तो म्हणाला. "म्हनून धरमसिंगनं नळकांड्यात आधी राळ नाहीतर डांबर भरलं असन. गोठलं का मग बाहेरून ठोकाचं. घ्या खिळा."

"मी?"

"नाही तं कोन? लिहिता तुम्ही, अन् ठोकू मी?"

तिनं ठोकलं. खिळा घसरला. त्यानं तिच्या मुठीवर आपली मूठ ठेवली, हलकेच, आणि खिळ्याचा कल बदलला. "जोर नको... नुसता ठेका." टक्, टक्, टक्. कोकिळेला त्रिकोणाची दुसरी बाजू कधी झाली ते कळलंच नाही, कारण तिचं सगळं लक्ष त्या मुठीच्या उबेत होतं. त्रिकोण झाला तो वेडावाकडा, एका बाजूला कललेला.

"टाकून द्या," ती म्हणाली.

"कायले? पहिलं काम हाय मॅडमचं." त्यानं तेवढा तुकडा कापून खिशात घातला. तिला एकाएकी वाटलं, हा माणूस आता उठून गेला तर हा व्हरांडा किती मोठा आणि रिकामा होईल. आपण प्रेमात पडलो आहोत हे तिला तिथंच, राळेच्या वासात, स्वच्छ कळलं. त्याचं तिला काही भय वाटलं नाही. एवढं लचांड संपलं की आपणच सांगून टाकू, असं तिनं मनाशी ठरवूनही टाकलं.

पण लचांड भलत्याच बाजूनं संपलं. जुन्या लढाईच्या वस्तू गोळा करणाऱ्या एकानं तिला दोन फोटो पाठवले. दोन्ही नळकांडी बसऱ्याच्या बाजारातली, तिथल्या कारागिरांनी लढाईनंतर परतणाऱ्या शिपायांना विकण्यासाठी शेकड्यांनी केलेली. पाठीवर ओझं घेतलेला उंट, चंद्रकोर, त्रिकोणांची किनार. उंटाच्या जागी बैल धरला की झालं! कोकिळेनं भिंगातून पुन्हा किनार पाहिली. फोटोंतले सगळे त्रिकोण सरळ होते; इथं अठ्ठावीस, पण दर सातवा उलटा, टोक खाली. तिनं वहीत नोंद केली: "किनारीत चार चुका. घाईचं, बाजारू काम." नोंद तिला नकोशी होती, पण केली. खरं ते खरं, या बाबतीत ती बापालाही बधली नसती.

लग्नाला दहा दिवस होते. नळकांडं तिनं फुगेवाल्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलं, खोक्यात घातलं आणि तांड्यावर गेली.

अंगणात हंसाबाई, शामची आई, चार बायकांबरोबर गहू निवडत बसली होती. कोपऱ्यात बाजेवर फकिरा काका होतेच. शामनं तिला पाहिलं आणि त्याचा चेहरा असा उजळला की कोकिळेनं तिथंच थांबायला हवं होतं. त्याला बाजूला घेऊन आधी सांगायला हवं होतं. पण तिच्या तोंडाला लगाम नाही, हे आपण जाणतोच. हंसाबाईनं विचारलं, "सापडलं का, बाई?" आणि तिनं सांगितलं. बसरा, बाजार, दोन फोटो, उंट, चार चुका. सगळं, क्रमवार, वर्गात शिकवावं तसं.

"म्हंजे..." हंसाबाईच्या हातातलं सूप खाली टेकलं. "आजेसासू खोटं बोलली?"

"त्या नाही हो. त्यांना जे सांगितलं गेलं, ते त्यांनी..."

"मी तं पह्यलेपासून सांगून राह्यलो!" फकिरा काकांनी बाजेवर थाप मारली. "बाजारातलंच हाय थे!"

हंसाबाई उठली, नळकांडं घेतलं आणि घरात गेली. आतून ते ठेवल्याचा आवाज आला. परत आली तेव्हा तिचे डोळे कोरडे होते, आणि तेच कोकिळेला बघवेना. "राहू द्या," ती म्हणाली. "यंदा स्टीलचा डबा ठेवू. खोट्या मापावरून सून कायले घरात घ्याची?"

शाम तिला फाट्यापर्यंत सोडायला आला. वाटभर चार पावलं पुढंच चालत राहिला. ऑटोत बसताना म्हणाला, "तुमचं खरं असन, मॅडम. पन खरं सांगाचीही एक येळ असते. अन् एक जागा असते."

"शाम, मी..."

"पोहोचल्यावर फोन नका करू."

ऑटो सुटला. कोकिळा आयुष्यात पहिल्यांदा तोंड मिटून उमरखेडपर्यंत गेली.

नऊ दिवस गेले. तिनं तास घेतले, पेपर तपासले, आणि सांबारवडीच्या गाड्यावरून जाताना रस्ता बदलला. फोन केला नाही असं नाही. तीनदा केला, त्यानं घेतला नाही. माणूस चुकलं असेल तर माफी मागता येते. आपण तर बरोबर होतो, मग मागायचं काय, हे तिला कळत नव्हतं, आणि न मागता राहवत नव्हतं.

लग्नाच्या दिवशी सकाळी ती खोली आवरायला बसली. खुर्चीच्या पाठीवर ते फडकं होतं. पहिल्या दिवशी पिशवीत कोंबलेलं, मग खुर्चीवर टाकलेलं, आणि नळकांडं खोक्यातून गेलं म्हणून मागेच राहिलेलं. कुरियरनं पाठवून द्यावं, असं तिच्या मनात आलं. भित्रेपणाची युक्ती होती, पण दुसरी सुचत नव्हती. घडी करायला तिनं ते खिडकीशी धरून झटकलं. ऊन आरपार आलं.

लाल-निळे त्रिकोण. चारी कडांनी किनार. सहा सरळ, सातवा उलटा.

ती मोजत राहिली. एका कडेला सहा सरळ, सातवा उलटा. पुन्हा सहा, पुन्हा उलटा. मग तिनं वही ओढली आणि आपल्याच अक्षरातली ती ओळ वाचली: "किनारीत चार चुका."

"अगं माय माझे!" ती मोठ्यांदा म्हणाली. "मी पितळ पाहिलं, आणि ज्यात पितळ गुंडाळलं होतं ते पाहिलंच नाही!"

शाम फोन घेईना. कोकिळा मिळेल त्या एसटीत चढली आणि वाटेतूनच उमरखेडजवळच्या आपल्या गावी बापाला फोन लावला. भगवानराव उमरखेडच्या स्टँडवर मोटरसायकल घेऊन उभेच होते. कापसाच्या वेचणीतून उठून आलेले, टोपीला बोंडाचा धागा चिकटलेला.

"कुठी जाचं हाय?"

"तांड्यावर. लग्न हाय. नवरी घरात जायच्या आधी पोहोचलं पाह्यजे बाबा, चाला!"

अर्ध्या वाटेवर भगवानराव मान न वळवता म्हणाले, "हा थोच का? गाडीतून उतरवलेला?"

"हो."

"राठोड म्हंजे तांड्यावरचे. आपल्या घरात असं कोनी केलं नाही अजून."

"मी करीन म्हनते."

"आईले सांगितलं?"

"तुम्ही सांगा ना, बाबा."

"म्हंजे आता गोळा माह्या पायात!" भगवानराव म्हणाले, पण मोटरसायकलचा वेग कमी केला नाही.

तांड्यावर डफडं वाजत होतं. वरात अंगणात येऊन थांबली होती. नवरी संगीता डोक्यावरून पदर ओढून दारासमोर उभी, आणि उंबऱ्यावर स्टीलचा चकचकीत डबा, ज्वारीनं भरलेला. शाम दाराशी टाळ्या देत उभा होता. त्यानं कोकिळेला पाहिलं आणि त्याचे हात खाली आले.

"थांबा!" कोकिळा ओरडली.

तिचा आवाज पुन्हा कामी आला. डफडं थांबलं. सगळा तांडा तिच्याकडे वळला. कोकिळा सरळ हंसाबाईसमोर जाऊन उभी राहिली.

"मी चुकले," ती म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "आणि नुसती चुकले नाही, तोऱ्यात चुकले. ज्या अंगणात चुकीचं सांगितलं, तिथंच बरोबर सांगायला आले. ते माप आणा, आई. आणि हे फडकं कोणाच्या हातचं आहे ते आधी सांगा."

हंसाबाईनं फडकं हातात घेतलं. "आजेसासूच्या. सुखीबाईच्या. लग्नात आनलेलं तिनं, माहेरी बसून केलेलं. मापाले हेच गुंडाळते आम्ही, कितीक वर्षांपासून."

"याच्यात दर सातवा त्रिकोण उलटा आहे. चुकलाय का तो?"

हंसाबाईच्या चेहऱ्यावर दहा दिवसांत पहिल्यांदा काहीतरी हललं. "मीबी असंच म्हनलं होतं तिले, नवी होती तवा. म्हनलं, आजी, इथं चुकलं. तं हासली. म्हने, चुकलं नाही, मीच उलटवला. सहा देवाचे अन् एक आपला. सगळंच सरळ केलं का नजर लागते. आमच्या तांड्यावर दुसरं कोनी करत नव्हतं तसं, तिचीच खोड थे."

शाम कधीच आत गेला होता. तो नळकांडं घेऊन आला आणि त्यानं ते कोकिळेच्या हातात दिलं. तिनं हंसाबाईचं बोट धरलं आणि तोंडाजवळच्या किनारीवरून फिरवलं. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. सातव्यावर बोट थांबलं. टोक खाली होतं.

"बसऱ्याच्या बाजारात सुखीबाईंची खोड कुणाला माहीत असणार?" कोकिळा म्हणाली. "उंटाची नक्षी पाहून बैल काढला असेल, चंद्र बाजारातला पाहून काढला असेल. पण ही किनार त्यांनी घरून नेली होती, मनात. बायकोनं जिथं उलटवला, तिथंच त्यांनी उलटवला. एकदाही विसरले नाहीत. हे धरमसिंगनंच केलंय. मी वहीत लिहिलेलं खोडलं, आणि आता माझा लेख छापताना नाव घालणार आहे. दोघांचं."

हंसाबाईनं नळकांडं छातीशी धरलं आणि ती रडली, मोकळी, आवाज करून. फकिरा काका बाजेवरून उठले, जवळ आले, चष्मा कपाळावर सारून त्यांनी स्वतः सात मोजले. पुन्हा एकदा मोजले. "आता इतक्या वर्षांनी मी बोलावं तरी काय?" ते पुटपुटले, आणि त्यांनीच वाकून तो स्टीलचा डबा बाजूला केला.

ज्वारी मापात ओतली गेली. डफडं पुन्हा घुमलं. संगीतानं पाऊल उचललं, माप लवंडलं, ज्वारी घरभर पसरली, आणि पितळ दगडी उंबऱ्यावर आपटून ठण्णकन वाजलं. कोकिळेनं डोळे मिटले. "चौथा पोचा," ती कळवळून म्हणाली.

वऱ्हाडी आत गेले. बायका नवरीभोवती जमल्या, भगवानरावांना कुणीतरी चहा दिला. उंबऱ्याशी दोघंच उरले. शामनं माप उचललं, नवा पोचा अंगठ्यानं चाचपला. मग खिशात हात घालून पितळेचा एक तुकडा काढला. वेडावाकडा, एका बाजूला कललेला त्रिकोण.

"टाकून दिला नाहीस?" कोकिळा म्हणाली. 'तुम्ही' कुठं गळून पडलं, ते दोघांनाही कळलं नाही.

"राग होता तवाबी खिशातच होता. लय टोचत होता." त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "कोकिळा... तुह्यासाठी हे माप पुन्हा इथं ठेवलं... तं?"

"नाही," ती म्हणाली. "याला पाचवा पोचा मी पडू देणार नाही."

त्याची नजर खाली गेली. तिनं ती तशी क्षणभर राहू दिली. तिचीही आपली एक खोड होती. मग ती त्याच्या बोलीत, आपल्या घरच्या बोलीत म्हणाली, "पाय नाही लावनार मी याले. हातानं ओतीन."

शाम उंबऱ्याशी बसला आणि सांडलेली ज्वारी ओंजळीनं मापात भरू लागला. मग कोकिळाही बसली, आणि तिनं दुसऱ्या बाजूनं भरायला सुरुवात केली.